काकू, पण तो तोच होता कशावरून?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. आमच्या जिन्याच्या खिडकीवर येणारा धनेश 2024 च्या संक्रांतीला गेला, आणि तेव्हापासून समोरच्या घरातली सून, दूध घालणारा मुलगा, पुण्याची मावसबहीण असे सगळे फिरूनफिरून एकच विचारतात, की दरवर्षी येणारा पक्षी तोच होता हे मला कसे कळायचे. प्रश्न पक्ष्याचा असला तरी त्याचा रोख माझ्याकडे असतो, हे मला समजते. चिमण्यांतली एक चिमणी जशी, तसाच धनेशांतला एक धनेश. मग एवढे मनाला लावून कशाला घ्यायचे, असे त्यांना म्हणायचे असते आणि सौजन्यामुळे ते तसे म्हणत नाहीत.

नागपुरात राखी धनेश दुर्मीळ नाही. आमच्या रामनगरापासून अंबाझरी जवळ, फुटाळा जवळ, सेमिनरी हिल्सची झाडीही फार लांब नाही, आणि जिथे उंबर, वड, पिंपळ फळतात तिथे हे पक्षी येतातच. शेपटीसकट दोन फुटांचा तो पक्षी चार वेळा पंख मारून थोडा तरंगत, पुन्हा पंख मारत कडुनिंबावर येऊन बसला, की घारीसारखी त्याची किंकाळी गल्लीभर ऐकू जाते. त्यामुळे ‘कशावरून’ हा प्रश्न रास्तच आहे.

मी बत्तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. समोर दिसेल ते वहीत उतरवण्याची आणि खाली तारीख टाकण्याची सवय निवृत्तीनंतरही गेली नाही. 2019 च्या मार्चमध्ये एका सकाळी जिन्यावरून टकटक ऐकू आली. कोणी दार वाजवत असेल असे समजून मी खाली आले, तर खिडकीच्या पट्टीवर धनेश बसलेला, आणि डावीकडच्या खालच्या तावदानावर चोच आपटत होता. तो काही आम्हाला भेटायला आलेला नव्हता. विणीच्या हंगामात नराला काचेत दिसणारे प्रतिबिंब दुसरा नरच वाटते आणि तो त्याच्याशी भांडतो. आमच्या घरात मात्र ‘पाहुणा आला’ हेच रूढ झाले. खरे सांगायचे, तर त्याने माझ्याकडे कधी नीट पाहिलेसुद्धा नाही. गच्चीवर ठेवलेल्या पाण्याच्या मातीच्या भांड्याकडेही नाही. धनेशाला लागणारे पाणी बहुतेक फळांतूनच मिळते, ते भांडे बुलबुलांच्या उपयोगी पडले.

दुसऱ्या वर्षी काढलेल्या चित्रात त्याच्या चोचीवरच्या शिंगाचे पुढचे टोक नाही. तिथे तिरका टवका उडालेला आहे, नखाच्या कोपऱ्याएवढा. 2021, 2022 आणि 2023 या तिन्ही वर्षांच्या चित्रांत तो टवका त्याच जागी, त्याच तिरकेपणाने आहे. तेच तावदान, कडुनिंबाची तीच आडवी फांदी, सकाळी साडेसहा ते सातची वेळही तीच. एवढ्यावरून मी चार वर्षांची खात्री देते. पहिल्या वर्षीच्या चित्रात मात्र शिंग पूर्ण आहे. तेव्हा एक तर तो वेगळा पक्षी होता, किंवा तो टवका आमच्याच काचेवर आपटून उडाला. दुसरी शक्यता मनात आली त्या दिवशी मी तावदानावर आतून-बाहेरून वर्तमानपत्र चिकटवले. दोन दिवस शांतता झाली, आणि तिसऱ्या दिवशी तो ह्यांच्या स्कूटरच्या आरशावर बसलेला आढळला. ह्यांनी निमूटपणे आरशावर जुना मोजा चढवला. पुढे दर वर्षी माघ संपत आला की आमच्या घरात कागद चिकटवणे आणि मोजा शोधणे ही दोन कामे ठरलेली असत.

एप्रिलपासून तो काच विसरून जाई. मागच्या गल्लीतल्या जुन्या झाडाच्या ढोलीत मादी स्वतःला कोंडून घेई. विष्ठेने दार लिंपून एक अरुंद फट तेवढी ठेवी, आणि उडण्याची पिसे गाळून आत अंड्यांवर बसे. त्या काळात तिचे सगळे खाणे नराच्या चोचीतून येते. पारा पंचेचाळिसावर गेलेला, कूलरपुढून कोणी हलायला तयार नाही, आणि हा भर दुपारी गळ्यात साठवलेली उंबरे एकेक करून वर काढत त्या फटीतून आत सरकवत असे. मी छत्री घेऊन उभी राहून एकदा अकरा उंबरे मोजली. बाराव्याच्या वेळी कोणाची तरी गाडी आली आणि तो उडाला.

नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 सालीच देशभर बंदी घातली. तरी 2024 च्या संक्रांतीला दिवसभर ‘ओ काट’, ‘ओ पार’ चालू होते आणि संध्याकाळपर्यंत आमच्या कडुनिंबावर पतंगांचे सात सांगाडे लटकले होते. किंक्रांतीच्या सकाळी त्याच आडव्या फांदीखाली तो उलटा लोंबकळताना दिसला. डावा पंख मांजात गुरफटला होता आणि सुटण्याच्या धडपडीत दोरा हाडापर्यंत गेला होता. शेजारच्या मुलाने शिडी लावून फांदीसकट त्याला खाली आणले. मी टॉवेलमध्ये घेतले. एवढा थोराड दिसणारा पक्षी हातात इतका हलका लागेल, असे मला वाटले नव्हते. त्याच्या डोळ्यांना पापण्यांचे दाट काळे केस असतात, ते मी इतक्या वर्षांच्या एकाही चित्रात काढलेले नव्हते. शिंगावरून अंगठा फिरवला, तर टवक्याची कड गुळगुळीत झालेली होती. डॉक्टरांनी दुपारपर्यंत प्रयत्न केले. नंतर वन विभागाची माणसे त्याला घेऊन गेली. मांजा कोणाचा होता, हे मी शोधले नाही. गल्लीत ज्यांच्या हातात चक्री होती, ती बहुतेक मुले माझ्याकडे चित्रकलेला येऊन गेलेली आहेत.

तेव्हा तो तोच होता कशावरून, याचे माझ्याजवळचे उत्तर एवढेच आहे. चार वर्षे डोळ्यांनी ओळखला आणि एकदा अंगठ्याने.

त्या वर्षी मार्चमध्ये खिडकीवर कोणी आले नाही. ह्यांनी आरशाचा मोजा काढून ठेवला, मी मात्र कागद तसाच राहू दिला. 2025 च्या फाल्गुनात कडुनिंबावर किंकाळी ऐकू आली, म्हणून दुर्बीण घेऊन गच्चीवर गेले. नर होता, एकटाच. शिंग टोकापर्यंत पूर्ण होते. मी खाली येऊन वही काढली, पूर्ण शिंगाचा धनेश काढला, या वेळी पापण्यांसकट, आणि खाली तारीख टाकली.