आर्सेनिक-७५ च्या एनएमआरने लोहाच्या थरातले चुंबकीय चढउतार मोजताना: माझा अनुभव

एनएमआर म्हणजे चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या अणुकेंद्रांना रेडिओ लहरी देऊन त्यांचा प्रतिसाद मोजणं. बेरियम-लोह-आर्सेनाइडमध्ये चुंबकत्व लोहाच्या थरात असतं, पण मी सिग्नल घेतो तो त्या थराच्या वर-खाली बसलेल्या आर्सेनिकचा. निसर्गातलं सगळं आर्सेनिक एकाच समस्थानिकाचं, लोहाचं एनएमआरला दिसणारं समस्थानिक, लोह-५७, मात्र जेमतेम दोन टक्के. ७ टेस्लाला आर्सेनिक ५१ मेगाहर्ट्झच्या आसपास सापडतं.

स्फटिक लोह-आर्सेनाइडच्याच वितळ्यात वाढवलेले घ्यावेत. कथलाच्या वितळ्यातल्या स्फटिकांत कथील शिरतं आणि चुंबकीय संक्रमण (ज्या तापमानाखाली लोहाचे स्पिन स्थिर रचनेत बसतात) १३५ केल्विनवरून थेट ८५ च्या आसपास उतरतं. जाड तुकडाही उपयोगाचा नाही, कारण ५१ मेगाहर्ट्झची लहर या धातूत साधारण ०.१ मिमीच शिरते. मी पातळ पापुद्रे काढून, मध्ये टेफ्लॉन टेप ठेवून त्यांची चळत कॉइलमध्ये बसवतो. कॉइलचा अक्ष थराच्या प्रतलात ठेवून स्फटिक त्याच अक्षाभोवती फिरवला, की बाहेरचं क्षेत्र थराला लंब आणि समांतर अशा दोन्ही मोजण्या एकाच कॉइलवर होतात. दिशा जुळवायला मधल्या, केंद्रीय रेषेच्या दोन बाजूंच्या सॅटेलाइट रेषा बघाव्यात: क्षेत्र लंब झालं की त्यांच्यातलं अंतर सर्वाधिक असतं, समांतर झालं की त्याच्या निम्मं.

खरी कसोटी टी-१ ची, म्हणजे विचलित केलेलं केंद्रांचं चुंबकन पूर्ववत व्हायला लागणाऱ्या वेळेची. केंद्रीय रेषेवर ९० अंशांचा एकच पल्स देऊन, वाट पाहून, स्पिन-एकोने (दोन पल्सनंतर उमटणाऱ्या प्रतिध्वनीसारख्या सिग्नलने) परतलेलं चुंबकन मोजतो. आर्सेनिकचा स्पिन ३/२ असल्यामुळे ही परतफेड दोन घातांकांची: एक दशांश भाग १/टी-१ या वेगाने, नऊ दशांश त्याच्या सहापट वेगाने. एकाच घातांकाचा वक्र बसवला तर टी-१ चुकतोच. घाईही नडते. बहुतांश चुंबकन लवकर परततं, म्हणून वाट पाहणं आवरतं घेतलं की अंतिम किंमत कमी येते. मी पाचपट टी-१ पर्यंत थांबतो. पल्सची लांब माळही टाळतो; माळ चालू असतानाच सॅटेलाइटच्या पातळ्या ढळतात आणि वरचे गुणांक लागू राहत नाहीत.

मग क्षेत्र समांतर असतानाचा शिथिलन-वेग (१/टी-१) लंब असतानाच्या वेगाने भागायचा. पट्ट्यांच्या रचनेचे (लोहाच्या स्पिनच्या ओळी आलटून-पालटून उलट), सर्व दिशांना सारखे चढउतार असतील तर उत्तर १.५ येतं, बुद्धिबळाच्या पटासारखे असतील तर ०.५. इथे संक्रमणाच्या वर ते १.५ च्या जवळ येतं. पट्ट्यांमध्ये लोहाचा प्रतलातला स्पिन आर्सेनिकजवळ प्रतलाला लंब क्षेत्र उभं करतो, त्यामुळेच हा फरक पडतो.

संक्रमण ओलांडलं की ५१ वर रेषा उरत नाही. प्रोब (कॉइल बसवलेला भाग) बिघडला असं समजून तो उघडू नये. तेच लंब क्षेत्र आता स्थिर होऊन सुमारे १.४ टेस्ला भरतं; बाहेरचं क्षेत्र लंब असेल तर रेषा दुभंगून ४१ आणि ६१ मेगाहर्ट्झच्या आसपास जाते. प्रोब तिथे ट्यून करून शोधावी.