कुंडीतला टोमॅटो: तिसऱ्या खेपेला जमलं

पहिल्या खेपेला बारा रोपं एका रात्रीत आडवी झाली. संध्याकाळी बघितली तेव्हा दोन-दोन इवली पानं पसरून ताठ उभी होती. सकाळी सगळी लोळत पडलेली, आणि प्रत्येकाचा देठ मातीपाशी चिमटीत दाबल्यासारखा बारीक, पाणचट झालेला. मला वाटलं, तहानली असतील. म्हणून आणखी पाणी घातलं.

वरच्या मजल्यावरच्या काकूंना फोटो पाठवला. त्यांच्या खिडकीत बारमाही काहीतरी वाढत असतं. त्या खाली आल्या, ट्रे उचलून त्याचं वजन हातात तोलून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, तू यांना पाणी घालतेस की बुडवतेस?"

या प्रकाराला रोपं कोलमडणं म्हणतात. ओल्या, कोंदट मातीत काही बुरश्या आणि बुरशीसारखे जीव कोवळ्या देठावर तुटून पडतात. त्यांतला पिथियम सगळ्यात बदनाम. कोलमडलेलं रोप परत उभं राहत नाही, त्यावर औषध नाही. पण ते टाळता येतं, आणि मी ते टाळायच्या ऐवजी त्यासाठी पायघड्या घातल्या होत्या. पेल्यांना भोकं नव्हती. माती एका मेलेल्या झाडाच्या कुंडीतली. आणि बी उगवल्यावरही ऊब राहावी म्हणून मी वरून प्लास्टिक ताणून ठेवलं होतं, तेही आठवडाभर.

दुसऱ्या खेपेला शहाणपणा आला, पण अर्धाच. पेल्यांना खिळा तापवून भोकं पाडली. कोकोपीट आणि गांडूळखताचं ताजं मिश्रण घेतलं. बी अर्धा सेंटिमीटर खोल टाकलं आणि पाणी वरून न घालता पेले पसरट भांड्यातल्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवले, म्हणजे खालून हवं तेवढंच वर चढतं. टोमॅटोचं बी 20 ते 27 अंश तापमानात छान रुजतं. माझं सहाव्या दिवशी वर आलं, डोक्यावर बियाची टोपी तशीच अडकलेली. ती टोपी नखाने काढायचा मोह होतो. काढू नका, मी एकाचं डोकंच उपटलंय. पाण्याचा एक थेंब सोडून ठेवला की टोपी मऊ होते आणि आपसूक गळते.

मग ही रोपं मी खोलीतल्या फळीवर ठेवली, 'चांगला उजेड येतो' म्हणून. दहा दिवसांत ती वीतभर उंच, सुतासारखी बारीक आणि खिडकीकडे मान टाकलेली. आपल्या डोळ्यांना खोली लख्ख वाटते, कारण बाहुली लहानमोठी होऊन डोळा जुळवून घेतो. पानाला तशी सोय नाही. घरातल्या खोलीत साधारण तीन-पाचशे लक्स उजेड असतो आणि भर दुपारच्या उन्हात लाखाच्या आसपास. रोप बिचारं उजेड शोधायला उंच जात होतं आणि मी काकूंना कौतुकाने सांगत होते, "किती भराभर वाढतायत बघा!"

उजेड कमी पडला हे कळल्यावर मी काय केलं? सगळी रोपं उचलून थेट दुपारच्या उन्हात ठेवली. संध्याकाळपर्यंत पानं पांढरी पडली, बोट लावलं तर कागदासारखी कुरकुरली. दुसरी खेप संपली.

तिसऱ्या खेपेच्या आधी मात्र मी एक काम केलं, जे खरं तर सगळ्यात आधी करायला हवं होतं. सुट्टीच्या एका दिवशी दर तासाला बाल्कनीत जाऊन ऊन कुठवर येतं तिथे खडूने रेघ मारली. संध्याकाळी फरशीवर रेघांचं जाळं झालं. ज्या कोपऱ्यात मी कुंड्या ठेवायचं ठरवलं होतं, तिथे जेमतेम अडीच तास ऊन येत होतं. टोमॅटोला किमान सहा तास लागतात, आठ मिळाले तर उत्तम. कपडे वाळत घालायची दोरी जिथे होती, तिथे साडेसहा तास ऊन होतं. दोरी हलली. त्यावरून घरात दोन दिवस कुरबूर झाली, पण हलली.

दोन पाकिटांतून तीन-तीन बिया घेतल्या. सहाही उगवल्या. या वेळी रोपं उगवल्या दिवसापासून खिडकीच्या काचेला चिकटून. खरी पानं, म्हणजे पहिल्या दोन इवल्या पानांनंतरची, दोन-तीन आल्यावर बाहेरची सवय लावायला सुरुवात केली: पहिल्या दिवशी सकाळच्या उन्हात तासभर, दुसऱ्या दिवशी दोन तास, असं आठवडाभर. सकाळी बाहेर नेऊन ठेवायची, वेळ झाली की आत. कंटाळवाणं काम आहे, पण त्या आठवड्यात देठ जाड झाला, पानांचा रंग गडद झाला, आणि वाऱ्याने हलून हलून रोपं दणकट झाली. एक वाऱ्याने पडून मोडलं. एक काकूंना दिलं. उरली चार.

प्रत्येकाला वीस लिटरची कुंडी. लहान कुंडीतही झाड जगतं, पण ती दुपारपर्यंत कोरडी पडते आणि पुढची सगळी दुखणी तिथून सुरू होतात. लावताना खालची पानं काढून रोप मातीत खोल गाडलं, निम्मा देठ आत. बाकीच्या बऱ्याच रोपांच्या बाबतीत हे केलं तर देठ कुजतो. टोमॅटोच्या देठाला मात्र मातीत गेला की मुळं फुटतात. बारीक केस असतात ना देठावर, त्यांचीच मुळं होतात, असा समज माझा बरेच दिवस होता. मुळं फुटायच्या जागा वेगळ्या, छोट्या पांढरट पुटकुळ्यांसारख्या दिसतात. आधाराची काठीही त्याच दिवशी खोचली. नंतर खोचली की मुळं तुटतात.

पाण्याचं गणित काकूंनी एका वाक्यात बदललं. मी विचारलं, "काकू, तुम्ही दिवसाआड घालता की रोज?" त्या म्हणाल्या, "मी कुठे घालते? माती मागते तेव्हा देते." बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालायचं. टोकाला गार, ओलसर लागलं तर हात धुऊन परत जायचं. कोरडं लागलं तर कुंडीच्या खालून पाणी येईपर्यंत घालायचं. वाफसा हा शब्द मी शाळेत पुस्तकात वाचला होता, तो बोटाला आत्ता कळला: माती मुठीत दाबली तर ढेकूळ होतं आणि जरा टिचकी मारली की सुटतं. आपण थोडं थोडं वरवर शिंपतो ना रोज, त्याने मुळं वरच राहतात आणि एखाद्या तापलेल्या दुपारी भाजून निघतात.

झाडं कमरेएवढी झाली आणि मला खताचं वेड लागलं. दर चार दिवसांनी द्रवखत. चारही झाडांनी असा काळपट हिरवा फुलोरा धरला की बघत राहावं. फुलोरा म्हणजे पानांचाच, फूल एकही नाही! नत्र जास्त झालं की झाड पानांच्या नादी लागतं. खत थांबवलं. तीन आठवड्यांनी पहिला पिवळा घोस आला.

बगलफूट काढणं हाही एक किस्सा. मुख्य देठ आणि पान यांच्या बेचक्यातून नवी फांदी फुटते, ती लहान असतानाच चिमटीने खुडायची असं सगळे सांगतात. मी चारही झाडांची इमानेइतबारे खुडली. मग एक दिवस दुसऱ्या पाकिटाची मागची बाजू वाचली. त्यातला वाण ठेंगणा, झुडपी होता, जो ठरावीक उंची गाठून थांबतो आणि ज्याची बरीच फळं त्या बाजूच्या फांद्यांवर धरतात. म्हणजे दोन झाडांची निम्मी फळं मीच, रोज सकाळी, चहा पिता पिता खुडून टाकली होती. बगलफूट काढायची ती उंच, न थांबता वाढणाऱ्या वाणाची.

फुलं आली आणि गळायला लागली. प्रत्येक फुलाच्या देठाला मध्ये एक गाठ असते, बोटाच्या पेरासारखी. तिथे पिवळं पडायचं आणि फूल बरोब्बर तिथून सुटून खाली. ते दिवस तापलेले होते. दिवसा पारा 32 अंशांच्या वर आणि रात्रीही 24 च्या आसपास राहिला की परागकण नीट तयार होत नाहीत. टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेकडचा, अँडीज पर्वताच्या बाजूचा. त्याला गार रात्री लागतात. त्याला मी काय करणार? दुपारी सावलीचं कापड बांधलं आणि वाट बघितली.

पण हवा निवल्यावरही फळ धरेना, कारण माझ्या बाल्कनीत ना वारा, ना माशी. टोमॅटोच्या फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, त्यामुळे एक झाडही पुरतं. मात्र पराग मिठाच्या डबीत मीठ असावं तसे पुंकेसरांच्या नळीत बंद असतात आणि नळीच्या टोकातून बाहेर येतात. डबी हलवावी लागते. भुंग्यासारख्या काही माश्या फुलाला लटकून अंगाचे स्नायू थरथरवतात आणि पराग झाडून घेतात. साध्या मधमाशीला ही कला येत नाही. हरितगृहांत पूर्वी माणसं यंत्राने घोस थरथरवत फिरायची. 1980 च्या दशकाच्या अखेरीस युरोपात त्यासाठी बंबलबी, म्हणजे अशाच थरथरवणाऱ्या केसाळ माश्या, पाळायला लागले.

मी घरातला विजेवर चालणारा टूथब्रश घेतला. घोसाच्या देठाला मागून टेकवला, दोन सेकंद. खाली काळं कार्डबोर्ड धरलं होतं. त्यावर हळदीच्या चिमटीसारखी फिकट पिवळी धूळ पडली. मी इतकी खूश झाले की त्याच सकाळी सगळी फुलं थरथरवून टाकली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाकळ्या सुकून मागे वळल्या आणि मधे मोहरीएवढा हिरवा मणी. नेम सांगते: सकाळी उशिरा करायचं, हवा कोरडी असताना. दमट हवेत पराग चिकटून राहतात.

याच सुमारास मावा आला. शेंड्यांवर हिरवट ठिपके, पानांवर चिकटा, आणि त्या चिकट्यासाठी मुंग्यांची रांग. मी पाण्याचा जोरदार फवारा मारून मावा झाडत होते. एका पानाखाली मला काळ्या, केसाळ, नारिंगी ठिपक्यांच्या मगरीसारख्या अळ्या दिसल्या. दिसायला भयंकर. सगळ्या चिरडल्या. दोन दिवसांनी काकूंना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं ती ढालकिड्याची पिल्लं! मावा खायला आलेली!" लाल पाठीवर काळे ठिपके असलेला तो गोंडस किडा सगळे ओळखतात, त्याचं बालपण कोणी दाखवत नाही. पुढची खेप मी तशीच राहू दिली. आठवड्यात माझा फवारा बंद झाला.

सगळ्यात जास्त जिवाला लागलं ते पुढचं. लिंबाएवढी फळं धरली होती आणि मी चार दिवस गावाला गेले. आल्यावर माती कुंडीच्या कडेपासून सुटलेली. धावत जाऊन दोन बादल्या ओतल्या. दहा-बारा दिवसांनी तीन फळांच्या बुडाला तपकिरी, चामड्यासारखा दबलेला डाग. मला वाटलं रोग. तर तो रोग नाहीच. फळाच्या बुडाशी कॅल्शियम पोचलं नाही की तिथला भाग मरतो. आणि कॅल्शियम बहुतेक वेळा मातीत असतंच, पण ते फक्त पाण्याबरोबर वर चढतं आणि पाणी पानांकडे आधी ओढलं जातं. पाण्यात खंड पडला की फळाच्या टोकाला उपास. 'अंड्याची टरफलं टाका' हा सल्ला मला पाच जणांनी दिला. टरफलं मातीत विरायला महिने लागतात, तोवर हंगाम संपतो. ती तीन फळं काढून टाकली, मातीवर वाळलेल्या पानांचा जाड थर दिला आणि पुढच्या वेळी जाताना किल्ली काकूंकडे ठेवली.

पहिलं फळ लाल व्हायला फूल धरल्यापासून सात आठवडे लागले. रंग बदलायला लागला, म्हणजे बुडाशी गुलाबी झाक आली, की तोडून घरात ठेवलं तरी ते पिकतं. फार गरम हवेत तर ते बरंच, कारण 30 अंशांच्या वर लाल रंग नीट भरत नाही, फळ पिवळट-नारिंगी राहतं. पण पहिलं फळ मी झाडावरच पिकू दिलं. तेवढा हट्ट होता. तोडायच्या आदल्या दिवशी पाणी जरा जास्त झालं आणि देठाभोवती साल तडकली.

चार झाडांची मिळून एकेचाळीस फळं निघाली, त्यातली तडकलेली, डागाळलेली धरून. ठेंगण्या दोघांनी मिळून फक्त नऊ दिली. ती का, ते वर लिहिलंच आहे.

सगळ्यात मोठ्या फळाच्या बिया मी राखून ठेवल्या. गर पेल्यात काढून थोडं पाणी घालून तीन दिवस तसाच ठेवला, वर पांढरी साय आणि आंबूस वास. त्याने बियांभोवतीचं बुळबुळीत आवरण सुटतं. भरीव बिया तळाशी बसल्या, त्या धुऊन बशीवर वाळवल्या. कागदावर वाळवल्या तर चिकटतात. कागदी पुडी बांधून, वर तारीख घालून, ऐटीत काकूंना नेऊन दिली.

"पाकीट आहे का अजून?" त्यांनी विचारलं. खणात होतं. आणलं. त्यांनी चष्मा लावून कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली: एफ-1. म्हणजे संकरित. या बियांपासून येणारं झाड आईसारखं येईलच असं नाही.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय, लाव," काकू म्हणाल्या आणि पुडीतल्या निम्म्या बिया आपल्या डबीत ओतून घेतल्या. "बघू तरी काय येतंय ते."