तीनशे हात

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मी काय लिहिणार? बक्षीस एकही नाही, शिक्षा भरपूर. त्या इथे नकोत. सांगायचंय ते दुसरीच्या बाईंच्या बायबलच्या तासाबद्दल.

नोहाचं तारू, म्हणजे महापुरातून वाचायला बांधलेलं जहाज, तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच. बाईंनी फळ्याला हातही लावला नाही, आम्हाला मैदानावर नेलं. ‘हात’ म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, एवढंच सांगितलं. आम्ही गुडघे टेकून, कोपर मातीत रोवून मोजत निघालो. सत्तरच्या पुढे आकडा चुकला, पुन्हा पहिल्यापासून. एकाने हरकत घेतली, “बाई, नोहाचा हात मोठा असणार!” (मोठ्यांच्या हाताने ते साधारण १३५ मीटर भरतं.) घंटा झाली तेव्हा पावसाचा थेंबही पडला नव्हता. गोष्ट दुसऱ्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं, “बाहेर राहिलेल्या मुलांचं काय झालं?” बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “मलाही तेच वाटत राहतं.” सारवासारव केली असती तर मी ती गोष्ट केव्हाच विसरलो असतो.

शमुवेलाची गोष्ट आम्ही दर महिन्याला मागून घ्यायचो. रात्री हाक येते, पोर म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे धावतं, एली म्हणतो, “मी नाही हाक मारली, जा, नीज.” असं दोनदा. दुसऱ्यांदा एलीचं वाक्य आम्हीच एका सुरात म्हणायचो. तिसऱ्यांदा एलीला कळतं, हाक देवाची आहे. पुढचं पाठ असलं की लहान मुलांना जास्त मजा येते. चौथ्या हाकेला बाईंचा आवाज इतका खाली जायचा की मागच्या बाकावरची मुलं उठून पुढे यायची. “बोल, तुझा दास ऐकत आहे.” पुस्तक बंद. तात्पर्य नाही.

आता मी संडे स्कूलमध्ये शिकवतो. पहिल्या वर्षी जक्कय सांगितला: बुटका जकातदार, गर्दी, येशूला बघायला गाठलेलं उंबराचं झाड. वर्ग माझ्याबरोबर फांदीवर बसला होता, आणि मी विचारलं, “तर मुलांनो, यावरून आपण काय शिकलो?” सगळी धडाधड खाली. एकीने तर जांभईच दिली.

पुढच्या वर्षी येशूच्या “जक्कया, लवकर खाली ये” इथेच थांबलो. एका मुलाने विचारलं, “उतरताना त्याला खरचटलं का?”

शुभवर्तमानात ते नाही. “तुला काय वाटतं?” मी म्हणालो. तास संपला तरी जक्कय अजून अर्ध्या खोडावरच होता.