काउब्रिजची शाळा आणि माझं आजोळ

वेल्समधल्या कार्डिफला भाचीकडे चार दिवस होते. किल्ला पाहिला, पावसात भिजले, एवढंच आठवतं. शेवटच्या दिवशी भाची म्हणाली, "आत्या, काउब्रिजला अँथनी हॉपकिन्स हा नट शिकला ती शाळा आहे, जाऊन ये." जन्म शिकवण्यात गेलाय, जुनी शाळा म्हटल्यावर मी बसमध्ये बसलेच.

गावाच्या तटबंदीचा एकच दरवाजा उरलाय, आणि त्याला लागूनच शाळा. 1608 साली स्ट्रॅडलिंग घराण्याने मुलग्यांसाठी काढलेली ग्रामर स्कूल. ग्रामर म्हणजे लॅटिनचं व्याकरण. इथेच शिकलेले लिओलाइन जेंकिन्स पुढे ऑक्सफर्डच्या जीझस कॉलेजचे प्रमुख झाले आणि 1685 मध्ये मरताना शाळा त्या कॉलेजच्या हवाली करून गेले. 1850 मध्ये हेडमास्तर ह्यूगो हार्पर इंग्लंडमधल्या शेरबर्नच्या शाळेत गेले, तर काही मुलंही त्यांच्यामागे तिकडे गेली. कवी लुईस मॉरिस त्यांतलाच. मास्तरांसाठी गाव सोडणारी मुलं! वाचून माझा ऊर भरून आला होता.

पण शाळा आत जाऊन पाहता आली नाही. 1974 मध्ये ती गावातल्या मोठ्या सरकारी शाळेत विलीन झाली आणि या इमारतीत आता फ्लॅट आहेत. जिथे साडेतीनशेहून जास्त वर्षं धडे घोकले गेले, तिथल्या खिडक्यांत कुणाचे तरी पडदे. मला फार वाईट वाटलं. निदान एक वर्ग तरी ठेवायचा होता, बाकं, फळा, काहीतरी.

शेजारच्या चर्चमध्ये जरा टेकले. एक आजोबा फुलं लावत होते. कुठून आलात, त्यांनी विचारलं. पुण्याहून, मी म्हणाले. ते हातातलं काम सोडून वळलेच. "पूना? आमचा ॲलन लुईस तिकडच्या इस्पितळात होता."

ॲलन लुईस. हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. बसथांब्यावर बसून फोनवर वाचत गेले. 1915 चा जन्म, क्वमामन या खाणकामगारांच्या गावातला. शिष्यवृत्ती मिळवून घरापासून दूर, याच शाळेत राहून शिकला. कवी झाला. महायुद्धात साउथ वेल्स बॉर्डरर्स पलटणीतून 1942 च्या अखेरीस हिंदुस्थानात आला. पुढे जबडा मोडला म्हणून पुण्याच्या लष्करी इस्पितळात पडून होता, त्यावर कविता आहे. 'द मराठा घाट्स' नावाचीही एक आहे, तिच्यात उन्हाने तडकलेली दरी आणि राबणारा शेतकरी आहे. मार्च 1944 मध्ये ब्रह्मदेशात पिस्तुलाची गोळी लागून गेला. वय अवघं अठ्ठावीस.

आणि मग पुढच्या ओळीत त्याच्या छावणीचं नाव आलं: नीरा.

नीरा माझं आजोळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच नदीत आम्ही डुंबलोय. त्या गावात हा मुलगा राहून गेला, आणि आमच्याकडे कुणी कधी त्याचं नाव काढलं नाही. एक बस आली नि गेली, मी उठलेच नाही.

तिथूनच मामाला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजलेले, तो निजायच्या तयारीत. म्हटलं, मामा, युद्धाच्या वेळी आपल्याकडे गोऱ्यांची छावणी कुठे होती रे? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आबांना ठाऊक असतं गं." आबांना जाऊन तेवीस वर्षं झाली.