एक छप्पर आणि त्याखालची बिऱ्हाडं

बंद हॉलमधली बास्केटबॉलची मॅच पावसामुळे थांबली असं कोणी सांगितलं तर मी आधी विश्वासच ठेवला नसता, पण ५ जानेवारी १९८६ ला अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये हे खरंच झालंय. गावची टीम सुपरसॉनिक्स (सगळे सॉनिक्सच म्हणतात) विरुद्ध फिनिक्स सन्स, दुसरा क्वार्टर चालू, आणि छपरातून टपटप पाणी थेट कोर्टावर. टॉवेल घेऊन पुसतायत, पुसलं की परत थेंब, खेळाडूंचे पाय घसरायला लागले आणि शेवटी रेफरीने मॅच थांबवली. उरलेली मॅच दुसऱ्या दिवशी खेळले. एनबीएमध्ये, म्हणजे तिथल्या पुरुषांच्या प्रो बास्केटबॉल लीगमध्ये, पावसामुळे थांबलेली मॅच म्हटली की आजही हीच सांगतात.

ते छप्पर आजही तिथेच आहे. खालचं सगळं बदललं, नाव तीन-चार वेळा बदललं, टीम आल्या-गेल्या, पण छप्पर तेच. आज त्या जागेला क्लायमेट प्लेज अरेना म्हणतात, त्याआधी की-अरेना, त्याआधी सिअ‍ॅटल सेंटर कोलिझियम, आणि अगदी सुरुवातीला १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेला वॉशिंग्टन राज्याचा पॅव्हेलियन. आर्किटेक्ट पॉल थिरी. दुरून बघितलं तर एखादं प्रचंड इरलं जमिनीवर पालथं ठेवल्यासारखं दिसतं, आणि त्या शहराचा पाऊस बघता ते शोभतं पण.

सगळ्यात गाजलेलं बिऱ्हाड अर्थातच सॉनिक्स. १९६७ ला टीम सुरू झाली तीच इथे. पण एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, सॉनिक्सने या छपराखाली एनबीएचं विजेतेपद कधीच जिंकलं नाही. १९७८ ला फायनलची सातवी मॅच इथेच होती, वॉशिंग्टन बुलेट्सविरुद्ध, आणि त्या रात्री सॉनिक्सच्या डेनिस जॉन्सनचे १४ पैकी एकही शॉट आत गेला नाही, ९९-१०५ ने हरले. पुढच्या सीझनला टीम किंगडोम नावाच्या अवाढव्य स्टेडियममध्ये राहायला गेली, आणि १९७९ ला त्याच बुलेट्सना हरवून चॅम्पियन झाली, फायनलचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू कोण, तर तोच डेनिस जॉन्सन! कोच लेनी विल्कन्स. म्हणजे जी एकमेव ट्रॉफी आली ती हे घर सोडून गेल्यावर. मला याची अजून हळहळ वाटते.

१९८५ ला परत आले, आणि वर सांगितलेली गळती त्यानंतरच्याच हिवाळ्यातली. मग १९९४-९५ चा सीझन जवळच्या टॅकोमाला काढला आणि तोवर इथे आतलं सगळं पाडून नवीन केलं. कोर्ट रस्त्याच्या पातळीपासून ३५ फूट खाली खोदलं, कारण छपराचा आकार न बदलता जास्त खुर्च्या बसवायच्या तर खाली जाण्याशिवाय मार्गच नव्हता. नवीन घरात पहिल्याच वर्षी ६४ मॅच जिंकल्या, खेळाडू गॅरी पेटन, शॉन केम्प, कोच जॉर्ज कार्ल, आणि फायनल मायकेल जॉर्डनच्या शिकागो बुल्सशी. पहिल्या तीन हरले, मग चौथी आणि पाचवी याच कोर्टवर जिंकली. सहावी शिकागोमध्ये गेली आणि तिथे संपलं.

पुढचं लिहायला मला जड जातं. २००६ ला टीम ३५ कोटी डॉलरला ओक्लाहोमाच्या मालकांना विकली गेली, नव्या अरेनावरून शहराशी जमलं नाही, प्रकरण कोर्टात गेलं, आणि जुलै २००८ मध्ये साडेचार कोटी डॉलरची तडजोड होऊन टीम बाडबिस्तरा घेऊन ओक्लाहोमा सिटीला गेली. शेवटची घरची मॅच १३ एप्रिल २००८, डॅलसविरुद्ध, ९९-९५ ने जिंकली, आणि शेवटच्या मिनिटात आघाडीचा बास्केट मारला तो पहिल्याच सीझनमध्ये असलेल्या केव्हिन ड्युरंटने. ४१ वर्षं संपली. नाव आणि रंग मात्र शहराकडेच राहिले.

बहुतेक लोक गोष्ट इथेच संपवतात, की सॉनिक्स गेले, घर ओस पडलं. आणि नेमकं हेच मला पटत नाही, कारण घर ओस पडलंच नव्हतं!

त्या ३५ कोटींच्या सौद्यात सॉनिक्सबरोबर अजून एक टीम विकली गेली होती, महिलांची, सिअ‍ॅटल स्टॉर्म, २००० पासून याच कोर्टवर खेळणारी. तीही गेली असती. पण २००८ च्या सुरुवातीला सिअ‍ॅटलच्याच काही महिलांनी एकत्र येऊन ती १ कोटी डॉलरला विकत घेतली आणि गावातच ठेवली. आणि या छपराखाली घरच्या टीमचं प्रो बास्केटबॉलचं विजेतेपद प्रत्यक्ष पक्कं झालं ते एकदाच, ऑक्टोबर २००४ मध्ये, तेही स्टॉर्मचं, कनेक्टिकट सनला हरवून. नंतर २०१०, २०१८, २०२० अशी अजून तीन विजेतेपदं आली, फक्त ती बाहेर खेळताना. स्टॉर्मच्या गाजलेल्या खेळाडू म्हणजे लॉरेन जॅक्सन, स्यू बर्ड, मग ब्रियाना स्टुअर्ट. स्यू बर्ड तर २००२ ला आली ती रिटायर होईपर्यंत डब्ल्यूएनबीए या महिलांच्या लीगमधल्या दुसऱ्या कुठल्या टीमकडून खेळलीच नाही.

७ ऑगस्ट २०२२ ला मी तिथे होते. स्यू बर्डची रेग्युलर सीझनची शेवटची घरची मॅच, १८,१०० माणूस. माझा मावसभाऊ तिकडेच राहतो, त्याने तिकिटं काढून ठेवली होती. आत शिरल्यावर गंमत वाटते, रस्त्यावरून थेट आत जातो आणि कोर्ट एकदम खोल खाली दिसतं, आणि मान वर केली की तेच १९६२ चं छप्पर. आमच्या शेजारी एक साठीच्या बाई, अंगात पेटनचा २० नंबरचा सॉनिक्सचा जर्सी, धुऊन धुऊन आकडा तडकलेला, आणि गळ्यात स्टॉर्मचा स्कार्फ. मी म्हटलं, दोन्ही कसं काय? त्या म्हणाल्या, रंग तेच आहेत ना, हिरवा-पिवळा. स्यू बर्ड बाहेर आली तेव्हा त्या बोलायच्याच थांबल्या, दोन्ही हात तोंडावर. भाऊ हळूच म्हणाला, "ताई, या बघ, घर सांभाळणाऱ्या माणसांपैकी." मॅच लास व्हेगासने जिंकली, पण उठून कोणी जाईना.

बाकीची बिऱ्हाडंही होती. साठ-सत्तरच्या दशकात टोटेम्सचं आइस हॉकी, सिअ‍ॅटल युनिव्हर्सिटीचं बास्केटबॉल, सॉनिक्स गेल्यावर रॅट सिटीच्या पोरींचं रोलर डर्बी, म्हणजे चाकांच्या स्केटवरचा धक्काबुक्कीचा खेळ. थंडरबर्ड्स ही ज्युनियर हॉकी टीम तर वर्षानुवर्षं इथे खेळली, पण नव्या रचनेत कोर्ट बास्केटबॉलच्या मापाचं, त्यामुळे बर्फाचं मैदान एका बाजूला सरकवून बसवायला लागायचं, शेवटी तेही जवळच्या केंटला निघून गेले.

मग २०१८ ला परत खोदकाम. २०१७ मध्ये वास्तूला संरक्षित दर्जा मिळाला होता, म्हणून छप्पर पाडायचं नव्हतं, तर सुमारे २० हजार टनांचं ते छप्पर तात्पुरत्या खांबांवर तोलून धरलं आणि खालचं अख्खं घर नव्याने बांधलं! एवढ्या काळात स्टॉर्म कधी युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये, कधी एव्हरेटला, अशी फिरस्तीवर होती. २३ ऑक्टोबर २०२१ ला क्रॅकन या एनएचएल म्हणजे आइस हॉकी लीगमधल्या नव्या टीमची पहिली घरची मॅच झाली, व्हँकुव्हरकडून ४-२ ने हरले. पण त्याच दिवशी ३२ नंबरचा बॅनर वर चढवला, कारण टीम येणार की नाही हेही ठरलं नव्हतं तेव्हा पहिल्याच दिवशी ३२ हजार लोकांनी सीझन तिकिटासाठी पैसे भरले होते. आणि २०२५ पासून महिला हॉकीची टीमही इथेच आलीय, टॉरेंट.

मॅच संपल्यावर बाहेर पडताना भावाने मला वरची कड दाखवली आणि सांगितलं की आता या छपरावरचं पाणी वाया जाऊ देत नाहीत, खाली साधारण ५७ हजार लिटरची टाकी आहे, पावसाचं पाणी त्यात साठवतात आणि क्रॅकनच्या मैदानाचा बर्फ त्याच पाण्याचा करतात. १९८६ ला ज्या पाण्याने मॅच बंद पाडली, त्याच पाण्यावर आता स्केट करतात. आम्ही बराच वेळ तिथेच उभे होतो. त्या बाई आमच्या पुढून मोनोरेलच्या दिशेने गेल्या, पाठीवर २० नंबर.