पाट तुझा, गणपती तुझा

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात आमची गणपतीची चित्रशाळा वडिलांच्या काळापासूनची. पावसाळ्यात घराघरांतून पाट येतात. ज्याचा पाट, त्याच्यावरच त्याची मूर्ती. पाटामागे खडूने घराण्याचे नाव लिहून ठेवायचे.

2012 साली एकशे चाळीस पाट आले. निम्म्याहून जास्त गिऱ्हाइके खाणींवर जगणारी: ट्रकवाले, बार्जवरचे खलाशी, गॅरेजवाले. पावसात खनिजाची वाहतूक बंद असते. तेव्हा ट्रकांची दुरुस्ती निघते, टायर उधारीवर येतात आणि सगळे हिशेब ऑक्टोबरवर ढकललेले असतात. माझेही तसेच. रंग म्हापशाच्या दुकानातून उधार, पैसे चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, झाल्यावर. 10 सप्टेंबरला सरकारने राज्यातल्या खाणी थांबवल्या. चवथ 19 ला होती.

18 तारखेला हरतालिका. एरवी दिवेलागणीपासून अंगणात गाड्या लागतात. त्या दिवशी आठ वाजून गेले तरी फळ्यांवर साठेक मूर्ती तशाच. खिशात पैसे नव्हते आणि ते बोलून दाखवायची लाज होती, म्हणून लोक येत नव्हते. शेवटी चार ट्रकांचे एक मालक आले. दरवर्षी त्यांची मूर्ती तीन फुटी. चपला न काढता दारातच थांबले.

"पयशे मागीर दितां. चलता मरे?"

पडवीत बसलेले वडील उठले, त्यांनी मूर्तीवर कापड घातले आणि म्हणाले, "पाट तुझा, गणपती तुझा. घेऊन जा." मग माझ्याकडे वळून, "बाकीच्यांना फोन लाव." मी एकेका घरी फोन करत गेलो. रात्री दोनपर्यंत फळ्या रिकाम्या झाल्या आणि उधारीच्या वहीत सत्तेचाळीस नावे चढली. 5 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानेही खाणींना मनाई केली, तेव्हा ही वही लवकर मिटणार नाही हे आम्हाला कळले.

पुढच्या वर्षी पाटांबरोबर निरोप आले: यंदा लहान कर. लहान मूर्ती म्हणजे निम्मे पैसे, असा सगळ्यांचा हिशेब. मला तो पटेना. माती वाचते, रंग वाचतो, मूर्ती लवकर सुकते, हे खरे. पण डोळे? फूटभर मूर्तीचा डोळा तांदळाच्या दाण्याएवढा. बारीकात बारीक ब्रश घेऊन, श्वास रोखून, वरची पापणी एका ओढीत काढायची. हात हलला की चेहऱ्यावर पुन्हा रंगाचा हात देऊन पहिल्यापासून सुरुवात. तीन फुटी मूर्तीला लागतो तेवढाच वेळ इथेही जातो, कधी जास्तच. मी प्रत्येकाला हेच सांगितले: मातीचे पैसे कमी करतो, हाताचे नाही. फेडायला वर्ष घ्या.

तेवीस घरांनी पाट परत नेले. काहींनी बाजारातून प्लास्टरची मूर्ती आणली. गोव्यात तिला बंदी आहे, ती पाण्यात विरघळत नाही, तरी मिळते. तशा तयार मूर्ती आणून विकण्याचा सल्ला मलाही दिला गेला. ते माझ्याने होणार नव्हते. मग नवरात्रात शाळांच्या सरस्वती केल्या, तुळशीच्या लग्नाआधी वृंदावने रंगवली आणि जत्रांतल्या नाटकांचे पडदे घेतले. खरा आधार पडद्यांनीच दिला. राजवाड्याचा एक पडदा रंगवला की म्हापशाच्या दुकानदाराचा एक हप्ता जायचा.

ते ट्रकमालक त्या वर्षी नवा, लहान पाट घेऊन आले होते. चारांपैकी दोन ट्रक विकले होते. मी म्हटले, "दादा, जुनाच आणा." दुसऱ्या दिवशी त्यांनी तो आणला. त्याच्या मधोमध मी दीड फुटी गणपती बसवला. चारी बाजूंना वीतभर लाकूड उघडे राहिले. चवथीला त्यांच्या घरी दर्शनाला गेलो, तर त्यांच्या आईने तेवढ्या जागेत दूर्वा आणि जास्वंदी मांडल्या होत्या.