लक्ष्मणचा मोडलेला पाय

मंगळवार, रात्र

आज दिवसभर तालुक्याच्या जिनिंगच्या काट्यावर होतो. कापसाच्या गाड्या पार रस्त्यापर्यंत लागल्या होत्या. काटापट्टीचा प्रोग्राम माझाच. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ क्विंटल, भाव आणि शेतकऱ्याचं नाव. पट्टीवर नावाचा रकाना सोळा अक्षरांचा, आणि तो छापील असल्यामुळे वाढत नाही.

आमच्याच गावचे एक काका पट्टी घेऊन आले. आडनाव नीट होतं, पुढे नुसतं ‘लक्ष्’ छापलेलं. ष चा पाय मोडलेला आणि पुढे काहीच नाही. “बाबू, माह्यं नाव अर्धंच हाये इथं. चुकारा अटकते का?”

चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, अडकणार नव्हता, तसं त्यांना सांगितलं. पण ती पट्टी हातात धरवेना. वर्षभर वावरात राबलेल्या माणसाच्या कापसाची ही पावती, आणि तिच्यावर नावच अर्धं.

घरी हाच कोड मी तपासला होता. माझ्या लॅपटॉपवर पूर्ण नाव येत होतं. काट्यावरचा संगणक मात्र अजून विंडोज 7 वर आहे. त्याला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार 14 जानेवारी 2020 ला संपला आणि त्यावर पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा 3.8 या आवृत्तीच्या पुढे सरकत नाही. मग अक्षरं मोजणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, तीही तिथे जुनीच.

लक्ष्मण हे नाव आईच्या लेखी तीन अक्षरांचं: ल, क्ष्म, ण. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, त्याचे सात घटक, कारण दोन्ही हलन्त, म्हणजे पाय मोडल्याच्या खुणा, वेगळे मोजले जातात. ते यूटीएफ-8 या पद्धतीने साठवलं की एकवीस बाइट. आणि काट्यावरच्या लायब्ररीच्या मते पाच अक्षरं: ल, क्, ष्, म, ण. एकाच गाडीची चार वजनं निघावीत तसं झालं. हलन्ताने जोडलेली व्यंजनं एकत्र धरायची, हा नियम युनिकोडच्या अक्षर मोजण्याच्या मूळ नियमांत 2023 मध्ये, 15.1 या आवृत्तीत आला. माझ्या लॅपटॉपला तो ठाऊक होता, काट्यावरच्या संगणकाला नव्हता, म्हणून तिथे सोळा अक्षरं लवकर भरली आणि नाव तुटलं. जोडाक्षर ही आपल्या लिपीतली रोजची गोष्ट, आणि ती तिथवर पोचायला 2023 उजाडलं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

संगणक बदलणं आज शक्य नव्हतं. म्हणून तिथेच बसून माझं स्वतःचं छोटं फंक्शन लिहायला घेतलं: हलन्तानंतर क पासून ह पर्यंतचं व्यंजन आलं तर तिथे तोडायचं नाही, मात्रा आणि अनुस्वार आधीच्या अक्षरालाच चिकटलेले राहतील. तीसेक ओळी झाल्या असतील आणि लाइन गेली. संगणकाला यूपीएस नाही. पडदा काळा. फाइल मी सेव्ह केलेली नव्हती.

पाऊण तासाने लाइन आली. मी कोड लिहितो तो एडिटर, विम, उघडला, तर त्याने स्वॅप फाइल, म्हणजे त्याने आपणहून ठेवलेली तात्पुरती नक्कल, सापडल्याचं सांगितलं. ती परत आणायला आर दाबलं. सगळ्या ओळी जागेवर, शेवटचा कंसही. दोनशे अक्षरं टाइप झाली की, किंवा चार सेकंद हात थांबले की विम स्वॅप फाइल लिहून ठेवतं. लाइन गेली तेव्हा मी ऱ्ह चं काय करायचं याचा विचार करत बसलो होतो, त्यामुळे त्याला वेळ मिळाला. ब्राम मोलेनार यांनी 1991 मध्ये विम पहिल्यांदा दिलं आणि 2023 च्या ऑगस्टमध्ये ते गेले. विम नुसतं उघडलं की युगांडातल्या मुलांना मदत करा, अशी त्यांची ओळ दिसते. आज ती थांबून वाचली. मशीन कधीही बंद पडू शकतं, हे या माणसाने धरूनच चाललं होतं. आमच्याकडे अशाच माणसाचं हत्यार कामी येतं.

रेंज नव्हती, तरी कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये कमिट केलं, म्हणजे आजचा बदल नोंदवला. गिटचा सगळा इतिहास आपल्याच मशीनवर असतो, त्याला टॉवर लागत नाही. पुश, म्हणजे नेटवरच्या प्रतीत पाठवणं, उद्या करीन.

संध्याकाळी काकांची पट्टी पुन्हा काढली. त्यांनी नावावरून बोट फिरवलं, ‘ण’ पर्यंत नेलं. “आता बराबर हाये,” म्हणाले. घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत, पासबुकाजवळ ठेवली.

जेवण झाल्यावर चाचणीसाठी नावं हवी होती. आईला म्हटलं, गल्लीतली जोडाक्षरांची नावं सांग. ती भाकरीची परात घासता घासता सांगत गेली: ज्ञानेश्वर, ध्रुपता, प्रल्हाद, सरस्वती, दत्तात्रय, कृष्णा. मधेच थांबून म्हणाली, “पऱ्हाटी लिही, ते नाव नाही, पण कठीण हाये.”

लिहिलं. ‘पऱ्हाटी’, म्हणजे कापसाचं झाड, तीन अक्षरं, बरोबर आलं. ती अजून आठवतेच आहे, सदतीस झाली.